मिरजेचा तंबोरा: आठ महिने आणि एक पावसाळा काढल्यावर

तंबोरा घेतल्यावर पहिल्या महिन्यात त्याच्याबद्दल काही लिहू नये. दुकानात तारा कोऱ्या, जवारी (तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा बारीक उतार, त्यातूनच झंकार येतो) नुकतीच काढलेली, हवा कोरडी. तेव्हा कुठलाही तंबोरा गोडच वाजतो. पावसाळा गेला की खुंट्या आणि घोडी काय लायकीच्या आहेत ते कळतं. हा अनुभव मार्च ते ऑक्टोबरचा आहे. रोज तासभर रियाज, मुक्काम सांगली, आणि घर नदीपासून फार लांब नाही, म्हणजे भिंतींना ओल ठरलेलीच.

वाद्य लेडीज मापाचं (बायकांच्या वरच्या पट्टीसाठी थोडं लहान), काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेलं. दांडी आणि तबली (भोपळ्यावरचं झाकणासारखं लाकूड) तूनच्या लाकडाची. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, मिरजेत तो तिकडूनच येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गिऱ्हाईक आधी तेच विचारतं. मानांकन वाद्य कुठलं ते सांगतं, जवारी कशी लागलीय ते सांगत नाही. नक्षीला मोजलेले पैसेही आवाजात उतरत नाहीत. वेलबुट्टी कमी घ्यावी आणि भोपळ्याच्या गळ्याशी, जिथे तो दांडीला जोडतात तिथे, बोट फिरवून सांधा पाहावा. केसाएवढी फट असली तरी ते वाद्य बाजूला ठेवायला सांगावं.

मोबाइलवर फुकट तंबोरा असताना हे कशाला, याचं उत्तर खर्जात, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराच्या तारेत, आहे. खर्जाची तार नीट लागली आणि जवारी मोकळी असली की तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. तो त्या तारेचा पाचवा स्वरांश (मूळ कंपनाच्या पाचपट), म्हणून स्वयंभू गंधार. पेटीच्या गंधारापेक्षा तो जरा उतरलेला असतो, साधारण १४ सेंट (पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट). पेटीवर गळा तयार झालेल्याला पहिले काही दिवस आपलाच गंधार चढलेला वाटतो, आणि तो खरंच चढलेला असतो. अ‍ॅपमध्येही गंधार असतो, पण मोबाइलच्या स्पीकरमधून खर्जच धड येत नाही, तिथे गंधार कुठून येणार?

लावायची रीत. घोडीच्या खाली तारांत ओवलेले मणके आधी मधोमध आणावेत आणि जवारीचे दोरे घोडीवरून बाजूला सरकवावेत. मग जोडीची, म्हणजे मधल्या दोन सारख्या तारांपैकी, एक तार अ‍ॅपच्या षड्जाला मिळवायची. दुसरी कानाने, स्क्रीन न बघता. दोन्ही छेडल्या की आवाजात लाट येते. ती मंदावत थांबली की जोड जुळली. त्यानंतर खर्ज, शेवटी पंचम. उरलेला बारीक फरक मणक्याने काढायचा: मणका घोडीकडून खाली लंगोटाकडे (तारा जिथे तळाशी अडकवतात तिकडे) ढकलला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवावी. नुसती पिळली तर सूर पकडते आणि पाच मिनिटांत सोडते.

दोऱ्याला मात्र वेळ द्यावा. तार आणि घोडी यांच्यामधला हा सुती धागा बोटाने रेसभर पुढे नेला तर तार कोरडी, टणक वाजते. तसाच हळूहळू मागे आणत गेलं की एका जागी आवाज एकदम फुलतो, भोपळा हाताखाली थरथरतो. ती जागा तांदळाच्या दाण्याएवढीही नसते, आणि ओल वाढली की सरकते. जुलैत ती रोज शोधावी लागली. पॉलिस्टरचा शिवणदोरा घालू नये, घसरतो. सुती दोराही महिना-दीड महिन्यात तारेखाली झिजून चपटा होतो, मग बदलावा.

आता तक्रारी. डावीकडची खुंटी पहिल्या आठवड्यापासून सुटत होती. काढून पाहिली तर तिच्यावर एकच चकचकीत पट्टा, म्हणजे भोकात ती एकाच बाजूला टेकत होती. साधा पांढरा खडू घासल्यावर चार दिवस थांबली, पुन्हा तेच. शेवटी कारागिराकडून भोक नीट करून घेतलं. हे काम विकण्याआधीच व्हायला हवं होतं. पावसाळ्यात उलटं झालं, लाकूड फुगून खुंट्या जाम झाल्या. तिथे खडू नको, कोरड्या साबणाचा हलका हात पुरतो. पक्कड लावली तर खुंटीची मान तुटते.

पोलादी तारांना ऑगस्टमध्ये तांबेरा धरला. खर्जाची पितळी तार काळवंडली आणि चार महिन्यांत बोथट वाजू लागली. रियाजानंतर कोरड्या मलमलीने तारा पुसल्या असत्या तर आणखी महिनाभर टिकल्या असत्या. तार बदलताना एका वेळी एकच काढावी. घोडी मुख्यतः तारांच्या दाबावर उभी असते. चारही सोडल्या की ती सरकते आणि जवारीची सगळी जुळणी जाते. पायांभोवती पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवलेली बरी. नवी तार दोन दिवस उतरतच राहते. तो तारेचा दोष नाही, खुंटीवर राग काढू नये.

फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख. ओला फडका लागला की पांढरट डाग पडतो आणि सॅनिटायझर लागला तर पॉलिशच निघतं. मे महिन्यात जिथे हात टेकतो तिथे ते चिकट झालं होतं, तिथे आता सुती रुमाल असतो. तंबोरा ओलीच्या भिंतीला टेकवू नये. पंख्याचा झोतही थेट नको, सूर हलतो.

सहाव्या महिन्यानंतर जोडीच्या तारांखाली घोडीवर बारीक रेघा दिसू लागल्या आणि आवाज चिरका झाला. ही झीज रोजच्या वापराचीच, दोष नव्हे. घरी कानस लावण्याचा मोह टाळावा. घोडीचा उतार इतका मंद असतो की दोन घास जास्त बसले तरी जवारी मरते. कारागिराकडे नुसती घोडी नेऊ नये, पूर्ण तंबोरा न्यावा. पट्टी सांगावी, खुली (झणझणीत) जवारी हवी की गोल (मऊ) ते सांगावं आणि समोर बसून ऐकावं. सांगलीहून मिरज दहा-बारा किलोमीटर, त्यामुळे हे अर्ध्या दिवसात उरकतं. लांबच्या माणसाने हा खर्च आणि खेप धरूनच खरेदीचा हिशेब करावा.

आठवड्यातून दोनदाच गाणाऱ्याला अ‍ॅप आणि बरा स्पीकर पुरेसा आहे. रोज बसणाऱ्याने घ्यावा, पण आपल्या पट्टीचाच. काळी चारचा तंबोरा काळी एकला उतरवला की तारा लोंबतात आणि गंधार गायब. प्रवासात चारही तारा दोन-दोन सूर उतरवाव्यात, घोडीच्या खालच्या-वरच्या बाजूला मऊ फडकं द्यावं, मग गवसणी (कापडी खोळ). एसटीच्या डिकीत कधीच ठेवू नये. खिडकीकडच्या सीटवर उभा करून दांडी हाताने धरावी. वाहक त्याचं तिकीट मागतो की नाही, ते त्या दिवसाच्या नशिबावर.