इनेबल पिन कुणाच्या हातात द्यायची: आरसीच्या की मॉड्यूलच्या?

कॅरियर बोर्डावर, म्हणजे ज्यावर छोटं कॉम्प्युटर-मॉड्यूल बसतं त्या बोर्डावर, आधी मॉड्यूल उठायला हवं, बाकीच्या चिप्स मागून, हे वेगळं सांगायला नको. त्या चिप्सची वीज चालू-बंद करते ती इनेबल पिन. प्रश्न एवढाच की 'मागून' म्हणजे कधी, ते ठरवणार कोण?

माझा पहिला बोर्ड आरसीवर होता, म्हणजे रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीवर: कपॅसिटर हळूहळू भरला की इनेबल वर जाते. रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात तापमान नोंदवायला रास्पबेरी पायचं कंप्यूट मॉड्यूल ४ आणि आरएस-४८५ (लांब वायरीवरून डेटा नेणारी सिरियल जोडणी) लावलं होतं. इनेबलवर १०० किलोओम आणि १० मायक्रोफॅरड. दोन सुटे भाग, खर्च जवळपास शून्य, टेबलावर झकास चाललं.

मग पावसाळा लागला. कारखान्यातून फोन, "दादा, डबा परत झोपला!" लाईट पूर्ण गेली तर काही होत नसे. अर्धा-पाऊण सेकंद जाऊन आली की घोळ. कारण कपॅसिटर तेवढ्यात रिकामाच होत नाही. वीज परतली की इनेबल आधीपासून वरच, आणि ४८५ ची चिप मॉड्यूलच्या आधी जागी. तिचा आउटपुट हाय, तो जीपीआयओतून (मॉड्यूलच्या सिग्नल पिनांमधून) मॉड्यूलमध्ये शिरतो आणि मॉड्यूल ना धड चालू ना बंद. कारखान्यात जायचं, वायर काढायची, दहा मिनिटं थांबायचं, परत लावायची. चौथ्या फेरीला कंटाळलो.

आता मॉड्यूल स्वतः बाहेर देतं तो ३.३ व्होल्ट लोड स्विचच्या (बाकीच्या चिप्सची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चिपच्या) इनेबलला देतो, सोबत एक पुल-डाऊन, म्हणजे सिग्नल नसताना पिन खाली ओढणारा रेझिस्टर. तिथून फक्त इशारा घ्यायचा. मोडेम वगैरे त्यावर चालवू नका, मर्यादा ६०० मिलिअँपिअरची आहे. मॉड्यूल पडलं की बाकीचेही पडतात, वेळ मोजण्याचा संबंधच नाही. माझ्याकडे दोन पावसाळे निघाले. यातही एक फट आहे म्हणा. डीबगची सिरियल केबल लावून ठेवली तर ५ व्होल्टचा मुख्य पुरवठा काढल्यावरही केबलमधून वीज शिरते आणि एलईडी मंद मिणमिणत राहतो, तेव्हा इनेबलचाही भरवसा नाही.

तीनेक रेल (वेगवेगळे वीजपुरवठे) क्रमाने लागत असतील तर एलएम३८८० सारखा सिक्वेन्सर, म्हणजे ते एकामागून एक चालू करणारी चिप, बघा. तो बंद करताना क्रम उलटवतो. पण तो ठरावीक वेळ मोजून चालतो, रेल खरंच उभी राहिली का ते बघत नाही. माझ्या कामाला तो जरा जास्तच वाटला. तुमचं काम वेगळं असू शकतं.

जुने आरसीवाले बोर्ड टाकवत नसतील तर निदान रेझिस्टरवर उलटा डायोड लावा, म्हणजे वीज गेली की कपॅसिटर त्यातून पटकन रिकामा होईल. आणि गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी मेन स्विच पटकन खाली-वर करून बघा, वीसेक वेळा तरी.