एलईडी हेडलाइट बल्ब घेताना माझी झालेली फसवणूक

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात नाना पेठेतल्या एका दुकानातून मी माझ्या सात आसनी डिझेल एसयूव्हीसाठी एलईडी हेडलाइट बल्बची जोडी ४,८०० रुपयांना बसवून घेतली आणि त्यात माझी फसवणूक झाली. पैसे गेल्याचे दुःख आहेच, परंतु त्या दिव्यांपायी रस्त्यावरचे एक कुटुंब थोडक्यात वाचले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी नऊ वर्षांची असून तिचे मूळ बल्ब एच-४ जातीचे, म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) ६० आणि डिपरला (खाली झुकलेल्या, जवळच्या झोताला) ५५ वॅट घेणारे साधे हॅलोजन होते. आम्हाला महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला वरचेवर उतरावे लागते, आणि अलीकडे उजेड इतका मंदावला होता की पावसात रस्त्याची कड दिसेनाशी झाली होती. उजेड का मंदावला याचा शोध न घेता मी थेट नवे बल्ब घ्यायला गेलो, हे मला आज फार लागते.

दुकानदाराने एका बाजूला माझा जुना बल्ब ठेवला, दुसऱ्या बाजूला नवा बसवला आणि गाडीसमोर जेमतेम सहा फुटांवर असलेल्या भिंतीवर दोन्हींचा उजेड पाडून दाखवला. नव्याचा पांढराशुभ्र प्रकाश पाहून कोणालाही भुरळ पडावी. डब्यावर जोडीला २०० वॅट आणि २०,००० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचे माप) असे छापले होते. ‘हे सरकारमान्य आहेत का,’ असे विचारल्यावर त्याने डब्यावरच्या ‘सीई’ या अक्षरांवर बोट ठेवले. बल्बमागचा पंखा आत मावेना, तेव्हा त्याच्या मुलाने हेडलाइटच्या मागची रबरी टोपी ब्लेडने कापली. माझे जुने बल्ब त्याने ठेवून घेतले आणि हातात जीएसटी क्रमांक नसलेली कच्ची पावती दिली.

पहिल्याच रात्री घाटात समोरून येणारी प्रत्येक गाडी मला डिपर मारू लागली, वास्तविक माझे दिवे डिपरवरच होते. एका वळणावर दुचाकीवरून नवरा-बायको आणि मध्ये लहान मूल असे तिघे येत होते. त्या माणसाने एक हात डोळ्यांवर धरला, गाडी डांबरावरून खाली चिखलात गेली आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. मी उतरून त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते मूल रडत होते आणि तो गृहस्थ मला एवढेच म्हणाला, ‘दादा, लाइट खाली करा हो.’ डिपरच्याही खाली करता येईल असे त्या दिव्यात काहीच नव्हते. शिवाय मलाही लांबचे दिसत नव्हते, कारण बोनेटसमोरचे वीस-पंचवीस फूट लख्ख उजळले की डोळे त्या उजेडाला सरावतात आणि पुढचा रस्ता अधिकच काळा वाटतो. धुक्यात तर समोर पांढरी भिंत उभी राहत होती.

यामागचे कारण साताऱ्यातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मला समजावून सांगितले. हॅलोजनची तार काही मिलिमीटर लांबीची असते आणि रिफ्लेक्टरचा, म्हणजे दिव्यातल्या चकचकीत वाटीसारख्या आरशाचा, आकार त्या तारेची नेमकी जागा धरूनच घडवलेला असतो. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक लहान वाटी असते आणि तीच वर जाणारा उजेड अडवते. माझ्या एलईडीतल्या पट्ट्या जाड पात्याच्या दोन्ही अंगांना होत्या आणि मूळ तारेच्या जागेपासून सरकलेल्या होत्या, त्यामुळे झोताची वरची रेषा पार विसकटली होती. एसयूव्हीचे दिवे मुळातच उंचावर असल्याने तो विसकटलेला उजेड समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार दिव्यापासून ८ मीटरवर आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत.

मग त्या इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती अडकवून विजेचा प्रवाह मोजणारे यंत्र, लावला. एक बल्ब १३.८ व्होल्टला १.७ अँपिअर, म्हणजे सुमारे २३ वॅट घेत होता. डब्यावरचे २०० वॅट खरे असते तर जोडीने साडेचौदा अँपिअर ओढले असते. मूळ हॅलोजन जोडी डिपरला साधारण २,००० ल्युमेन देते, म्हणजे दुकानदार मला दहापट उजेड विकत होता आणि तोही हॅलोजनच्या निम्म्याहून कमी विजेत. ‘सीई’ ही तर युरोपचे नियम पाळल्याची उत्पादकाने स्वतःच केलेली घोषणा असते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार मान्यता मिळालेल्या हेडलाइट बल्बवर वर्तुळातले ‘ई’ हे अक्षर आणि सोबत क्रमांक असतो, आणि तो बल्बवरच कोरलेला असतो.

सर्वांत जास्त चटका पुढच्या गोष्टीने लावला. त्याने साधा हॅलोजन लावून होल्डरवर मीटर धरला, तर तिथे फक्त ११.६ व्होल्ट पोहोचत होते. गंजलेले अर्थिंग आणि झिजलेला स्विच दोन व्होल्टहून अधिक खात होते, आणि तेवढ्याने हॅलोजनचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यात दिव्यांवरचे पारदर्शक प्लॅस्टिक पिवळे पडलेले. रिले (दिव्यांना बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच), जाड वायर, प्लॅस्टिकला पॉलिश आणि नवे ६०/५५ वॅटचे हॅलोजन, हे सारे २,२०० रुपयांत झाले. मात्र कापलेल्या टोपीतून पाणी शिरून डावीकडच्या रिफ्लेक्टरची चकाकी गेली, ती परत आली नाही.

ज्यांचा उजेड कमी झाला आहे त्यांनी आधी होल्डरवरचे व्होल्ट मोजून घ्यावेत. तरीही एलईडी घ्यायचेच असतील, तर पैसे देण्यापूर्वी सपाट जागी पंचवीस फुटांवरच्या भिंतीवर डिपरचा झोत पाडून त्याची वरची रेषा हॅलोजनसारखीच धारदार आणि त्याच उंचीवर आहे का ते पाहावे. डब्यावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत नसेल तर तिथूनच परत फिरावे, कारण कायद्याने ते छापणे बंधनकारक आहे. टोपी कोणालाही कापू देऊ नये आणि जुने बल्ब मागून घ्यावेत.

‘इलेक्ट्रॉनिक मालाला गॅरंटी नसते,’ असे सांगून दुकानदाराने पैसे परत करण्यास नकार दिला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर त्याने जोडी बदलून देण्याची तयारी दाखवली, ती मी नाकारली. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी यूपीआयची नोंद, डब्याची छायाचित्रे आणि इलेक्ट्रिशियनचे लेखी मोजमाप जमवले आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. ते बल्ब कपाटात ठेवले आहेत. साडूंनी त्यांच्या जीपसाठी मागितले होते, पण मी दिले नाहीत.