दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आणि आरसेटी: भाच्यासोबत घेतलेला अनुभव

माझी बहीण यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात, पांढरकवड्यापासून थोड्या अंतरावरच्या एका खेड्यात राहते. घरची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि तीत कापूस आणि तूर एवढीच पिके निघतात. 2019 साली भाऊजींनी आत्महत्या केली. त्यानंतर शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळाली, त्यातले 30 हजार हाती आले आणि 70 हजार ठेवीत गेले. त्या मदतीने घर सावरले, परंतु दहावीत शिकणाऱ्या मुलाच्या पुढच्या वाटेचे काय, याचे उत्तर तिच्यात नव्हते. बारावीनंतर त्याचे शिक्षण थांबले आणि तो मजुरीला जाऊ लागला. तेव्हापासून आजपर्यंत त्याच्यासोबत दोन सरकारी प्रशिक्षण योजना मी जवळून पाहिल्या. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

पहिली दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ती 25 सप्टेंबर 2014 रोजी सुरू केली आणि आपल्या राज्यात ती ‘उमेद’ म्हणजे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत राबवली जाते. ग्रामीण गरीब कुटुंबांतील 15 ते 35 वर्षे वयाच्या युवकांसाठी ती आहे. महिला, दिव्यांग आणि आमच्या भागातील कोलामांसारख्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी वयोमर्यादा 45 वर्षांपर्यंत आहे. पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, अनेकांना ही सवलत ठाऊक नसते आणि पस्तिशी उलटली म्हणून ते चौकशीही करत नाहीत. आमच्याकडे गावच्या बचत गटाच्या ताईंनी माहिती आणली. बहीण गटाची सदस्य असल्यामुळे पात्रतेचा प्रश्न आला नाही. ज्यांच्या घरात गट नाही, परंतु कुटुंबातील कोणी आदल्या वर्षी रोजगार हमीवर किमान 15 दिवस काम केले आहे, त्यांनाही अर्ज करता येतो.

प्रशिक्षणाविषयी माझी तक्रार नाही. केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात होते, राहणे-जेवण मोफत होते, गणवेश मिळाला आणि हजेरी बोटाच्या ठशावर होत असे. 576 तासांच्या, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमात यंत्रावरच्या कामासोबत संगणक, कामापुरते इंग्रजी आणि मुलाखतीची तयारी यांनाही जागा होती. वडील गेल्यापासून मान वर करून न बोलणारा हा मुलगा तिसऱ्या महिन्यात वर्गासमोर उभा राहून स्वतःची ओळख करून देत होता, हे मी समारोपाच्या दिवशी स्वतः पाहिले. शिकवणारे प्रशिक्षक तरुण होते आणि त्यांना मुलांविषयी खरी आस्था होती.

अडचण नोकरी लागल्यानंतर सुरू झाली. चाकण परिसरातील एका कारखान्यात त्याची निवड झाली. कपात होऊन हातात साडेअकरा हजार रुपये येत. चौघांनी मिळून घेतलेल्या खोलीचे भाडे, खानावळ आणि बसचे पैसे दिल्यावर घरी पाठवायला दीड-दोन हजार उरत आणि पहिल्या महिन्यात तर खोलीची अनामत रक्कम भरायला बहिणीने उसनवारी केली. “मामा, पगार झाला का खोलीवाला दारात उभा असते,” असे तो फोनवर म्हणाला होता. याच काळासाठी योजनेत नोकरीनंतरच्या मदतीची तरतूद आहे. दरमहा 1000 रुपये, तेही स्वतःच्या जिल्ह्यात नोकरी असल्यास दोन महिने, राज्यात अन्यत्र असल्यास तीन महिने आणि राज्याबाहेर असल्यास सहा महिने. आमच्या मुलाच्या खात्यात हे पैसे चौथ्या महिन्यात जमा झाले. तोवर तो नोकरी सोडून गावी परतला होता.

पैसे उशिरा आले ती संबंधित केंद्राची दिरंगाई होती, ती सुधारता येईल. परंतु मूळ नियमातच विदर्भाच्या मुलांवर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढरकवड्याहून पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद येते. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी परत येऊ शकतो. तिथे नोकरी लागली तर ती राज्याबाहेरची ठरते आणि सहा महिने मदत मिळते. सहाशे किलोमीटरहून दूर असलेले चाकण मात्र राज्यातले म्हणून तिथे तीनच महिने. मुलाचे घर कामाच्या ठिकाणापासून किती लांब आहे, हे राज्याच्या सीमेवरून ठरवणारा हा नियम नागपूर, अमरावती विभागांचा नकाशा समोर ठेवून केलेला दिसत नाही. शिवाय सलग तीन महिने नोकरी टिकली की नोकरी लागल्याची नोंद होते. त्यामुळे केंद्राचा पाठपुरावा नेमका तिथेच सैल पडतो, हे आम्हाला जाणवले. केंद्राकडून येणारे फोन तिसऱ्या महिन्यानंतर थांबले.

गावातलीच एक मुलगी याच योजनेतून रुग्णसेवा सहायकाचे प्रशिक्षण घेऊन नागपूरला एका रुग्णालयात लागली. ती दोन वर्षांनंतरही तिथेच आहे. तिचा पगार भाच्यापेक्षा कमीच होता, परंतु रुग्णालयाने राहण्याची सोय केली होती.

परत आलेल्या भाच्याला मी आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत नेले. 1982 साली कर्नाटकात धर्मस्थळाजवळच्या उजिरे येथे सुरू झालेल्या संस्थेच्या धर्तीवर या संस्था उभ्या राहिल्या आहेत. त्या बँका चालवतात आणि ग्रामीण गरीब प्रशिक्षणार्थींचा खर्च ग्रामविकास मंत्रालय उचलते. शेळीपालन दहा दिवसांचे, शिवणकाम किंवा मोबाइल दुरुस्ती तीस दिवसांची, असे छोटे निवासी वर्ग असतात. भाच्याने विद्युत मोटार वायंडिंग आणि पंप दुरुस्तीचा तीस दिवसांचा वर्ग निवडला. ही निवड त्याची स्वतःची होती आणि ती अचूक होती, कारण रब्बीत विजेचा दाब कमी-जास्त होऊन आमच्या भागात मोटारी सतत जळतात आणि शेतकऱ्याला ती भरून आणण्यासाठी पांढरकवड्याला किंवा वणीला जाऊन दोन-तीन दिवस थांबावे लागते. तेवढ्यात हरभऱ्याचे पाणी चुकते.

तिथे केवळ तारा गुंडाळायला शिकवले नाही. पहिल्या आठवड्यात डोळ्यांवर पट्टी बांधून डाव्या हाताने ठोकळ्यांचा मनोरा रचायचा खेळ घेतला, आणि त्यावरून आपण किती उंच उद्दिष्ट ठरवतो आणि आजूबाजूच्यांच्या बोलण्याने ते कसे खाली आणतो, यावर दीड तास चर्चा झाली. घरी येऊन त्याने आईला तो खेळ करून दाखवला. बाजारपेठेची पाहणी करायला लावली, दुकानाचा खर्च-उत्पन्नाचा आराखडा त्याच्याकडूनच लिहून घेतला. प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करण्याची पद्धत आहे आणि आमच्याकडे ती पाळली गेली. संस्थेचे प्रशिक्षक दुकानावर दोनदा येऊन गेले.

कर्जाची बाजू मात्र कष्टाची झाली. मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50 हजार रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. तरीही एका शाखेत जामीनदार आणा असे सांगून तीन वेळा परत पाठवले. चौथ्या खेपेला संस्थेतील प्रशिक्षक स्वतः सोबत आले आणि अर्ज स्वीकारला गेला. ज्याच्यामागे मामा नाही, शिक्षक नाही, अशा मुलाने तिसऱ्या खेपेलाच नाद सोडला असता, ही गोष्ट मला आजही बोचते. स्वयंरोजगाराच्या प्रशिक्षणाला कर्ज जोडलेले असेल तरच त्याला अर्थ आहे, म्हणून ही जोडणी मुलाच्या चिकाटीवर सोडता कामा नये.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर आरसेटीला मी साडेचार देईन. कौशल्य योजनेच्या प्रशिक्षणाला चार आणि नोकरीनंतरच्या सोबतीला दीडच देईन. आपल्या मुलाला या योजनेत पाठवणाऱ्या पालकांनी केंद्रात जाऊन आधी एवढे विचारावे: नोकरी कोणत्या गावी लागणार, तिथे राहण्याची सोय कोण करणार, खोलीची अनामत कोण भरणार आणि मदतीचा पहिला हप्ता कोणत्या तारखेला जमा होणार. उत्तरे तोंडी न घेता कागदावर घ्यावीत. पंचायत समितीतील उमेदच्या तालुका कक्षात ही चौकशी करता येते आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला वेळ दिला. भाच्याच्या दुकानात या रब्बीत एका वेळी सहा-सात मोटारी दुरुस्तीला असतात आणि पोडावरचा एक मुलगा त्याच्या हाताखाली काम शिकतो आहे. पुढच्या तुकडीसाठी त्याचा अर्ज आम्ही मागच्याच आठवड्यात भरला.