म्युरेनमध्ये तीन रात्री : नौपाड्यातील एका सहल संस्थेचा अनुभव

स्वित्झर्लंडच्या सहलींच्या जाहिराती ठाण्यात पुष्कळ दिसतात आणि त्यांपैकी बहुतेकींत आठ दिवसांत सहा-सात गावे दाखवण्याचे आश्वासन असते. नौपाड्यातील एका लहान सहल संस्थेने मात्र गेल्या जूनच्या सहलीत म्युरेन या एकाच डोंगरी गावी सलग तीन रात्री मुक्काम ठेवला होता आणि केवळ त्या कारणासाठी आम्ही दोघांनी व माझ्या सासूबाईंनी तेथे नाव नोंदवले.

निघण्यापूर्वीच्या दोन रविवारी संस्थेच्या कार्यालयात त्या प्रदेशाचा भूगोल समजावून देण्यात आला. संपूर्ण सहलीतील सर्वांत मोलाचा भाग मला आजही तोच वाटतो. नदी खोरे कापते तेव्हा ते तळाशी अरुंद होत जाते, पण हिमनदी तळाबरोबर बाजूच्या भिंतीही खरवडते, हे सहलप्रमुख बाईंनी ओल्या मातीचा थर आणि लाकडाचा गोल ठोकळा घेऊन प्रत्यक्ष करून दाखवले. लाउटरब्रुनेनचे खोरे हिमयुगातील अशाच हिमनदीने कोरले, म्हणून त्याचा तळ सपाट आणि दोन्ही बाजूंचे कडे जवळजवळ ताठ उभे आहेत. म्युरेन त्यांपैकी पश्चिमेच्या कड्यावरील एका रुंद पायरीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६४० मीटर उंचीवर आणि खालच्या लाउटरब्रुनेन गावापासून सुमारे ८०० मीटर वर वसले आहे. हे आधी डोक्यात बसल्यामुळे खोऱ्यात उतरल्यावर आम्ही नुसते पाहत राहिलो नाही, तर जे दिसते ते तसे का आहे याचा एकमेकांत शोध घेऊ लागलो. माळशेजचे धबधबे पाऊस पडला की वाहतात, पण जवळजवळ ३०० मीटर उंचीवरून पडणारा श्टाउबबाख आमच्यासमोर कोरड्या, स्वच्छ दिवशी भरून वाहत होता, कारण वरचे बर्फ त्या दिवसांत वितळत असते. डोंगराच्या पोटातून कोसळणारा ट्र्युमेलबाख तर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचे पाणी, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत, खाली आणतो. सासूबाई तेथे कठड्याला धरून बराच वेळ उभ्या होत्या आणि त्यांना कोणीही घाई केली नाही.

गावात खालून मोटारीने जाता येत नाही. लाउटरब्रुनेनहून रज्जुमार्गाने ग्रूचाल्पला चढायचे आणि तेथून कड्याच्या काठाने जाणारी लहान आगगाडी पकडायची. हा मार्ग १८९१ साली सुरू झाला. त्याचा खालचा तीव्र चढाचा टप्पा पूर्वी दोराने ओढल्या जाणाऱ्या रुळगाडीचा होता आणि २००६ मध्ये तिची जागा रज्जुमार्गाने घेतली. माथेरानच्या वाहनबंदीची सवय असलेल्या आम्हांला हे वातावरण परके वाटले नाही, पण येथेच संस्थेची पहिली उणीव जाणवली. स्थानकापासून हॉटेलपर्यंत बॅगा स्वतः ओढत न्याव्या लागतील, हे कोणी आधी सांगितले नव्हते. ज्येष्ठ प्रवासी घेऊन जाणाऱ्या संस्थेकडून ही सूचना लेखी मिळायला हवी होती.

दुसरी उणीव माझ्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. भूगोलावर एवढे कष्ट घेणाऱ्या संस्थेच्या मराठी पुस्तिकेत गावाचा इतिहास जेमतेम अर्ध्या पानात, तोही स्कीइंगपासून सुरू होतो. पाचशेहून कमी वस्तीच्या या गावात माणसे मुळात का आली, हा प्रश्न पुस्तिका विचारतच नाही. या कड्यांवरील कुरणांवर मध्ययुगात डोंगरांपलीकडच्या वालिस भागातील ल्योचेनताल खोऱ्यातून जर्मनभाषक शेतकरी येऊन स्थिरावले. उन्हाळ्यात गुरे उंचावर चारायची, तीव्र उतारांवरचे गवत कापून हिवाळ्यासाठी साठवायचे आणि दुधाचे टिकाऊ चीज करायचे, या क्रमावर त्यांचे जगणे उभे होते. सह्याद्रीच्या माथ्यावरील धनगरवाडे पाहिलेल्या कोणाही माणसाला हे दोन वाक्यांत समजले असते आणि खालच्या गिमेलवाल्डमधील गवताच्या कोठारांचे महत्त्वही कळले असते. खोऱ्याचा मोठा भाग इंटरलाकेनच्या मठाच्या ताब्यात होता आणि १५२८ मध्ये प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर बर्न या नगरराज्याने तो मठ बंद केला, याचाही पुस्तिकेत उल्लेख नाही.

स्कीइंगचा भाग त्यात आहे, पण भारतीय वाचकाला जवळचा वाटेल असा धागा सुटला आहे. ज्या आर्नल्ड लन यांनी १९२२ मध्ये म्युरेनच्या उतारावर आधुनिक स्लॅलम (रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत उतरण्याची) शर्यत घेतली, त्यांचा जन्म १८८८ साली मद्रासमध्ये झाला होता आणि त्यांचे वडील तेथे मिशनरी म्हणून गेले होते. अल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक स्पर्धा १९३१ मध्ये याच गावी भरली. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या कैदेतून आलेल्या आजारी व जखमी ब्रिटिश सैनिकांना येथील हॉटेलांत ठेवण्यात आले होते.

राहण्याची व्यवस्था स्वच्छ होती. शाकाहारी जेवण दुसऱ्या दिवसापासून तेच ते वाटू लागले, तरी तक्रार करण्याइतके वाईट नव्हते. तीन रात्रींचा खरा लाभ संध्याकाळी मिळाला. दिवसभरासाठी आलेले पर्यटक शेवटच्या गाड्यांनी उतरले की गल्ल्या रिकाम्या होत. सूर्य गावामागच्या धारेआड गेल्यामुळे आमच्या पायरीवर सावली पसरलेली असे, पण पूर्वेकडची तिन्ही शिखरे त्यानंतरही बराच वेळ तांबूस उजळलेली असत. केवळ दुपारपुरते येणाऱ्याला हे दिसत नाही आणि या एका गोष्टीसाठी मी संस्थेचे मनापासून आभार मानते.

माणशी खर्च इतर सहलींपेक्षा काहीसा अधिक पडला, तो मला योग्य वाटतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी मोठ्या बॅगा ठाण्यातच ठेवून पाठीवर मावेल इतकेच सामान घ्यावे. पुस्तिकेतील इतिहासाच्या पानांविषयी मी संस्थेला सविस्तर पत्र दिले आहे आणि पुढच्या तुकडीसाठी ती पाने नव्याने लिहून घेण्याचे त्यांनी मान्य केले आहे.