फ्रीकॅड : हिंगण्याच्या शेडमधले आठ महिने

हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलसाठी हॉपर (धान्य ओतायचं नरसाळं), चुट (धान्य घसरून खाली जायचा पन्हाळा), मशीनची कव्हरं, अशी सगळी पत्र्याची कामं. आठ महिन्यांपूर्वी कॉम्प्युटरवर फ्रीकॅड टाकलं, म्हणजे वस्तूचं थ्रीडी मॉडेल आणि ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. फुकट आणि ओपन सोर्स आहे म्हणून घेतलं हे खरं, पण टिकलं ते त्यातल्या स्प्रेडशीटमुळे.

मिलवाल्यांना हॉपर साधारण सारखाच हवा असतो, मापं मात्र दर वेळी वेगळी. आधी प्रत्येक वेळी ड्रॉइंग नव्याने काढायचो. आता वरचं तोंड, खालचं तोंड, उंची आणि पत्र्याची जाडी एका तक्त्यात लिहिली आहे. प्रत्येक खान्याला नाव दिलंय आणि मॉडेल त्या नावांवर चालतं. उंची ९०० ची १०५० केली की मॉडेल बदलतं, टेकड्रॉ या ड्रॉइंगच्या भागातलं शीटही बदलतं. गिऱ्हाईक फोनवर असतानाच पत्रा किती लागेल ते सांगता येतं.

घ्यायचं तर १.० किंवा त्यापुढचंच घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते आलं. त्याआधी मागचं एखादं माप बदललं की मॉडेलच्या पृष्ठांचे आणि कडांचे नंबर बदलायचे आणि त्यांवर बेतलेली भोकं, गोल केलेल्या कडा भलतीकडेच जायच्या. आता हा त्रास बराच कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही. म्हणून मी स्केच (मॉडेलची आधाराची आकृती) मॉडेलच्या पृष्ठावर न काढता शक्यतो मूळ प्लेनवरच काढतो आणि त्याची सगळी मापं पक्की बांधली जाऊन ते स्क्रीनवर हिरवं झाल्याशिवाय पुढे जात नाही.

फ्रीकॅडमध्ये प्रत्येक प्रकारच्या कामाच्या साधनांचा वेगळा संच असतो, त्याला वर्कबेंच म्हणतात. पत्र्याच्या कामाचं शीटमेटल हे वर्कबेंच अॅड-ऑन मॅनेजरमधून वेगळं घ्यावं लागतं. पहिल्याच कव्हरला मी के-फॅक्टर (वाकवताना पत्रा किती ताणला जातो ते धरायचा आकडा, त्यावरून सपाट पत्र्याचं माप निघतं) अंदाजाने ०.५ धरला. ३ मिमी पत्रा, आतली त्रिज्या ३, चार बेंड. लेझरवाल्याकडून कापून आणलं, वाकवलं, आणि आमचे मिस्त्री म्हणाले, "भाऊ, हे काऊन बसून नाही राहिलं?" रुंदी दोन मिलीमीटरहून जास्त भरली होती. मग त्याच पत्र्याची १०० मिमीची पट्टी काटकोनात वाकवून दोन्ही बाजू बाहेरून मोजल्या. बेरीज १०५.५ आली, म्हणजे आमच्या डायवर (पत्रा ज्यात दाबून वाकवतो तो साचा) के-फॅक्टर ०.३८ च्या आसपास. एका बेंडमागे अर्ध्या मिलीमीटरहून जास्त फरक! आता प्रत्येक जाडीची पट्टी वाकवून आकडे भिंतीवर लावले आहेत. तुमची डाय वेगळी, तुमचा आकडा वेगळा, पट्टी वाकवाच.

बाकी वर्कबेंच माझ्या रोजच्या कामाची नाहीत. बुटीबोरीचा मित्र मिलिंगचा टूलपाथ (मशीनचं कटर कुठून फिरायचं तो मार्ग) कॅम वर्कबेंचमध्ये काढतो, आर्किटेक्ट मेहुणी इमारतींच्या बिम वर्कबेंचमधून आयएफसी फाइल (इमारतीच्या मॉडेलची फाइल) देते. फेम या भाराखाली भाग टिकेल का ते तपासायच्या वर्कबेंचमध्ये मी एक ब्रॅकेट तपासला. मागे गणित सोडवायला कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर चालतो. पण गणितासाठी मॉडेलचे बारीक तुकडे करणारी जाळी कशी पाडायची आणि आधार कुठे धरायचे हे कळत नसेल तर त्या रंगीत चित्रावर विसंबून लोखंड कमी करू नका.

अडचणी आहेतच. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग) फाइल उघडायला वेगळा कन्व्हर्टर लागतो, म्हणून मी गिऱ्हाइकाकडून डीएक्सएफ किंवा स्टेप फाइलच मागतो. अवघड कोपऱ्यांवर फिलेट (कडेची गोलाई) कधी कधी लागतच नाही. आणि असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) मोठी झाली की माझ्या ८ जीबीच्या मशीनवर फार हळू चालते. सध्याचा कन्व्हेयर मी फ्रेम, ड्राइव्ह आणि चुट अशा तीन फायलींत वेगळा ठेवलाय.