मायनर (मुख्य विषय म्हणजे मेजरसोबतचा दुय्यम विषय) म्हणून पब्लिक पॉलिसी (सरकारी धोरणांचा अभ्यास) घ्यावं की इकॉनॉमिक्स?

वरवर दोन्ही सारखेच वाटतात, पण प्रश्न विचारायची पद्धत खूप वेगळी आहे. ट्रॅफिकचंच घ्या ना. गर्दीच्या वेळी रस्ता वापरायचे जास्त पैसे घ्या, ही कल्पना विल्यम विकरी या इकॉनॉमिस्टने कितीतरी आधी मांडली होती, त्यांना 1996 ला नोबेलही मिळालं. पण स्टॉकहोमने ती प्रत्यक्षात आणली तेव्हा आधी बसेस वाढवल्या, मग 2006 मध्ये काही महिने ट्रायल, मग सार्वमत आणि 2007 पासून ते कायम झालं, आणि सुरुवातीला विरोध करणारे बरेच लोक ट्रायलचा परिणाम बघून बदलले. चार्ज किती असावा हे इकॉनॉमिक्स शिकवतं, पण आधी ट्रायल का, बोजा कोणावर पडणार, राबवणार कोण, हे सगळं पॉलिसीत येतं. मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चांगल्या योजना बहुतेक वेळा इथेच अडकतात.

इकॉनॉमिक्समध्ये मॅथ्स जास्त, पाया पक्का होतो, पुढे मास्टर्सला उपयोग होतो. पॉलिसीत थोडं स्टॅटिस्टिक्स, थोडं कायदा-राजकारण, शिवाय दोन पानी मेमो, म्हणजे निर्णय घेणाऱ्यांसाठी थोडक्यात टिपण, लिहायची सवय लागते, पण स्टॅटिस्टिक्सचा पेपरच नसेल तर ते मायनर फार वरवरचं राहतं, असं असेल तर घेऊच नका.

मेजर इंजिनिअरिंग, पर्यावरण किंवा पब्लिक हेल्थ असेल तर बिनधास्त पॉलिसी घ्या. राज्यशास्त्रवाल्यांनी मात्र इकॉनॉमिक्स घ्यावं, कारण पॉलिसीतलं निम्मं त्यांचं आधीच झालेलं असतं.