वेताळ टेकडीवरील पत्रपेटीचा शोध: खेळ उत्तम, सूचनापत्रक कच्चे

गेल्या श्रावणातील एका रविवारी मी, माझी पत्नी व आमची दहा वर्षांची मुलगी अशा तिघांनी वेताळ टेकडीवर ‘लेटरबॉक्सिंग’ या, लेखी सूचनांवरून लपवलेल्या पेट्या शोधण्याच्या खेळाचा अनुभव घेतला. पुण्यातील एक छोटा गट हा उपक्रम चालवतो. कुटुंबामागे ₹ ६०० घेऊन तो सकाळी साडेसहा वाजता एक बंद पाकीट, होकायंत्र, कोरी नोंदवही आणि शाईचा पॅड आपल्या हाती देतो व पुढचे तीन तास आपल्याला टेकडीवर मोकळे सोडतो. गटाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे मांडलेल्या तक्रारी सहज दुरुस्त होण्याजोग्या आहेत.

हा खेळ मूळचा इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या डार्टमूर या उघड्या माळरानाचा. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडवळणाच्या, दलदलीने वेढलेल्या जागी एक बाटली ठेवली आणि तेथवर पोहोचणाऱ्यांनी तीत आपल्या नावाचे कार्ड टाकावे असा प्रघात पडला. पुढे आपलाच पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड पेटीत ठेवायचे व नंतर येणाऱ्याने ते टपालात टाकायचे, अशी रीत सुरू झाली. आता पेटीत एक वही व एक रबरी शिक्का असतो; पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का पेटीतल्या वहीत. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकल्यावर लगेचच जो जिओकॅशिंगचा खेळ जन्मला, त्यात शोधणाऱ्याला अक्षांश-रेखांश मिळतात. येथे मिळतात ती फक्त वाक्ये, त्यामुळे खेळाचे सारे बरेवाईट ती वाक्ये लिहिणाऱ्याच्या हाती असते.

पहिले वाक्य लिहिणाऱ्याला टेकडी पाठ असावी. ‘खाणीचा काठ उजव्या हाताला ठेवून चालत राहा, पर्वती आग्नेयेला मोकळी दिसू लागली की थांबा आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर शोधा,’ एवढेच त्यात होते. पर्वती कधी झाडाआड जायची, कधी ढगात, आणि मग दहा-बारा पावलांच्या एका टप्प्यात ती अचानक पूर्ण दिसली. तेथेच, गुडघ्याएवढ्या उंचीच्या खडकाच्या कपारीत, पेटी होती. (ती नेमकी कोठे आहे हे याहून स्पष्ट लिहिणे खेळाच्या शिस्तीला धरून होणार नाही.) गेली पंधरा वर्षे मी या टेकडीवर फिरायला जातो, पण पर्वती कोठून दिसते आणि कोठून दिसत नाही याकडे माझे लक्ष त्या सकाळी पहिल्यांदा गेले.

पेटी म्हणजे झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, दोन पिशव्यांत गुंडाळलेला. आतला शिक्का खोडरबरावर हाताने कोरलेला होता आणि त्यावर तांबट पक्षी होता. चोचीच्या मुळाशी असणारे राठ केसही कोरणाऱ्याने सोडले नव्हते. मुलीने तो पॅडवर हलकेच टेकवला, वहीत दाबला आणि श्वास रोखून उचलला. दमट कागदावर शाई पोटाच्या बाजूला जराशी फुटली, त्यामुळे आमचा तांबट अंमळ लठ्ठ आला. पेटीतली वही मात्र इतकी ओलसर होती की आधीच्या पाहुण्यांची दोन पाने एकमेकांना चिकटली होती. डब्यात खडूचे दोन तुकडे टाकले असते तरी पुष्कळ फरक पडला असता.

दुसऱ्या सूचनेपासून पत्रकाची पातळी घसरली. पाकिटात सूचना मराठीत व इंग्रजीत अशा दोन्ही भाषांत असतात आणि आम्ही अर्थातच मराठी वाचत होतो. ‘देवळाकडे पाठ करून वायव्येकडे जाणारी पायवाट धरा’ या वाक्याने आम्हांला घाणेरीच्या जाळीत नेऊन सोडले. पाऊण तास काटे काढल्यावर पत्नीने इंग्रजी पान उलटून पाहिले, तर तेथे ईशान्य दिशा दिलेली होती. आपल्या भाषेत चारही उपदिशांना स्वतंत्र, नेमके शब्द आहेत, आणि शोधाच्या खेळात ही मोठीच सोय आहे. भाषांतर करणाऱ्याने मात्र त्यांपैकी हाताला लागेल तो उचललेला दिसतो.

तिसरी सूचना होती ‘गुलाबी फुलांनी लगडलेल्या गिरिपुष्पापासून चाळीस पावले’. गिरिपुष्प फुलते ते माघ-फाल्गुनात, पाने झडल्यावर. श्रावणात ते इतर झुडपांसारखेच हिरवेगार असते आणि या टेकडीवर वनीकरणात त्याची इतकी लागवड झाली आहे की कोणत्या झाडापासून मोजायचे हाच प्रश्न पडतो. शिवाय चाळीस पावले कोणाची? माझी चाळीस जेथे संपली तेथून मुलगी बरीच मागे उभी होती, आणि पेटी तिच्या बाजूला निघाली. डार्टमूरवर जागा सांगताना दूरच्या दोन-तीन ठळक खुणा होकायंत्रावर किती अंशांवर दिसतात ते देतात, त्यामुळे हा घोळ होत नाही. येथे होकायंत्र देऊनही त्याचा असा वापर एकदाही करवून घेतलेला नाही.

शेवटची पेटी शेंदूर फासलेल्या एका देवाच्या भोवती रचलेल्या दगडांत ठेवली होती. ती काढताना दगड हलवावे लागले आणि आम्हां तिघांनाही ते प्रशस्त वाटले नाही. प्राचीन अवशेषांत किंवा भिंतींत पेटी ठेवू नये असा डार्टमूरचा संकेत आहे. तो येथेही पाळावा.

एवढे असूनही पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. गटातील मुले अदबशीर होती, त्यांनी निघण्यापूर्वी जमीन न खणण्याबद्दल व कचरा परत आणण्याबद्दल बजावले, आणि मुलीच्या वहीत आता चार शिक्के आहेत. जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि दोन्ही भाषांतील पाने शेजारी ठेवून वाचा.

चुका मी फोनवर कळवल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर दुरुस्त पत्रक पाठवले. त्यात वायव्येची ईशान्य झाली आहे; गिरिपुष्प अजून फुललेलेच आहे.